घड्याळ पाहून वीज : एका दररचनेचा इतिहास आणि घरचा हिशेब

जून २०२३ मध्ये केंद्र सरकारने वीजग्राहकांच्या हक्कांविषयीच्या २०२० च्या नियमांत दुरुस्ती केली. त्यामुळे तोवर मुख्यतः कारखान्यांच्या बिलात दिसणारी एक दररचना घराच्या उंबऱ्यापर्यंत आली. राज्याच्या वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या सौर तासांत वीज नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के स्वस्त असावी, असे ही दुरुस्ती सांगते. सर्वाधिक मागणीच्या तासांत मात्र ती उद्योग-व्यापारासाठी किमान २० टक्के आणि इतरांसाठी किमान १० टक्के महाग असावी. दहा किलोवॅटहून अधिक मागणीच्या औद्योगिक व व्यापारी ग्राहकांसाठी १ एप्रिल २०२४ आणि शेती वगळता उरलेल्या सर्वांसाठी १ एप्रिल २०२५ ही मुदत ठरली. स्मार्ट मीटर बसताच नवा दर लागू, असेही त्यात नमूद झाले. ग्राहकाने वापराचे नीट नियोजन केले तर त्याचे बिल कमी होईल, असा भरवसा त्या वेळी देण्यात आला. हा भरवसा कितपत खरा, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

वेळेनुसार दर ही कल्पना वीजधंद्याइतकीच जुनी आहे. विजेचा मोठा साठा करणे त्या काळी जवळजवळ अशक्य होते. त्यामुळे संध्याकाळच्या दोन-तीन तासांसाठी जी यंत्रे उभारावी लागत, ती उरलेला दिवस रिकामी राहत. इंग्रज अभियंता जॉन हॉपकिन्सन याने १८९२ मध्ये नेमके हेच मांडले. ग्राहक किती वीज वापरतो यापेक्षा तो यंत्रणेची किती क्षमता अडवून ठेवतो, यावर पुरवठ्याचा खर्च अधिक अवलंबून असतो. आजच्या बिलातला ‘स्थिर आकार’ हे त्याच विचाराचे अपत्य. ग्राहक ती क्षमता कोणत्या वेळी अडवतो, हा पुढचा प्रश्न फ्रान्सच्या सरकारी वीज कंपनीतील गणिती अर्थशास्त्रज्ञ मार्सेल ब्वातो यांनी सोडवला. त्यांचा पायाभूत लेख १९४९ चा. मोठ्या ग्राहकांसाठी त्यावर आधारित दर १९५० च्या दशकात आले आणि १९६० च्या दशकात फ्रेंच घरांना रात्रीचा स्वस्त दर मिळू लागला. तेथे तो रुजण्याचे एक कारण अगदी घरगुती होते. फ्रेंच घरांत पाणी तापवण्याच्या मोठ्या टाक्या असत. त्या रात्री आपोआप तापत आणि पाणी दुसऱ्या दिवशी वापरले जाई. बचत करणाऱ्याला जागे राहावे लागत नसे. भारतीय न्हाणीघरातला पंधरा-पंचवीस लिटरचा गीझर ही सोय देऊ शकत नाही, हे येथेच ध्यानात ठेवावे.

भारतात विजेचे घड्याळ पैशांवर नव्हे, बटणावर चालले. राज्य वीज मंडळांच्या काळात तुटवडा पडला की भारनियमन होई. शेतकऱ्याला तर वीज बहुधा रात्रीच मिळे, कारण दिवसा ती उद्योगाला आणि संध्याकाळी शहरांना लागे. हा वेळेनुसारचा दरच होता. फक्त त्याची किंमत झोपेत, अंधारातल्या बांधावर आणि सापाच्या भीतीत मोजली जाई. गुजरातने २००३ पासून ज्योतिग्राम योजनेत शेती आणि गावठाण यांचे फिडर वेगळे केले. गावाला चोवीस तास आणि शेतीला ठरावीक आठ तास वीज मिळू लागली, पण ते आठ तास कोणते हे वीज कंपनीच ठरवत राहिली. केंद्राच्या नव्या नियमातून शेती वगळली आहे, असे आपण वाचतो. घड्याळाचा सर्वात जुना भार मात्र शेतीनेच वाहिला आहे.

किमतीचे पहिले खरे घड्याळ देशात १ जुलै २००२ रोजी पश्चिम विभागाच्या ग्रिडमध्ये सुरू झाले, आणि त्याचा ग्राहक होती राज्ये. ‘उपलब्धता-आधारित दर’ असे त्याचे नाव. ग्रिडची वारंवारिता ५० हर्ट्झच्या खाली गेली की ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढणाऱ्या राज्याला वाढता दर पडे, ती ५०.५ हर्ट्झपर्यंत चढली की तोच दर शून्यावर येई. उत्तरेचे ग्रिड २ जानेवारी २००१ रोजी पूर्ण कोसळल्याची आठवण तेव्हा ताजी होती. दर पंधरा मिनिटांचा हिशेब ठेवणारी ही व्यवस्था पुढे देशभर पसरली आणि आधी बेफाम हिंदकळणारी वारंवारिता बरीच ताळ्यावर आली. किमतीला माणसे प्रतिसाद देतात का, हा वाद भारतापुरता तेव्हाच निम्मा मिटला. निम्माच, कारण प्रतिसाद देणारी ती माणसे नियंत्रण कक्षात बसलेली पगारी माणसे होती. त्यांना स्वयंपाक करायचा नव्हता.

कायद्याची वाटही त्याच सुमारास मोकळी झाली. २००३ च्या वीज कायद्याने पुरवठ्याच्या वेळेनुसार दरात फरक करण्यास स्पष्ट मुभा दिली आणि २००६ च्या राष्ट्रीय दर धोरणाने एक मेगावॅटहून अधिक मागणीच्या ग्राहकांसाठी वेळेनुसार दर वर्षभरात लागू करण्यास सांगितले. कारखान्यांनी त्यानुसार पाळ्या रात्रीकडे सरकवल्या, कारण रात्रीची वीज स्वस्त होती. महाराष्ट्रात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उद्योगांना युनिटमागे दीड रुपया सवलत मिळत असे.

मग सूर्याने घड्याळ उलटे फिरवले. जानेवारी २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले तेव्हा देशातील सौर क्षमता नगण्य होती; २०२५ च्या आरंभी तिने १०० गिगावॅटचा टप्पा ओलांडला. ३० मे २०२४ रोजी सर्वोच्च मागणी २५० गिगावॅटला पोहोचली तेव्हा ती भागवायला दुपारचे ऊन हाताशी होते. अडचण सूर्य मावळल्यावर सुरू होते. म्हणून सवलत रात्रीकडून दुपारकडे गेली, आणि जे उद्योग वीस वर्षे शहाणपणाने रात्री जागत होते त्यांचे शहाणपण एका आदेशात जुने झाले. दराला ‘संकेत’ म्हणणाऱ्यांनी हा अनुभव विसरू नये. संकेताला प्रतिसाद म्हणून लोक यंत्रे घेतात, सवयी बदलतात. संकेत फिरला तर तो खर्च कोण भरून देणार?

आता घरचा हिशेब. एका कुटुंबाचा महिन्याचा वापर २०० युनिट आणि ऊर्जा आकार सरासरी सहा रुपये धरू. त्यांतले ६० युनिट सौर तासांत, ७० संध्याकाळच्या गर्दीच्या तासांत आणि ७० उरलेल्या वेळेत. सपाट दराने ऊर्जा आकार १,२०० रुपये. केंद्राच्या किमान टक्केवारीने तो १,१७० होतो. काहीही न बदलता ३० रुपये वाचले. संध्याकाळचे २० युनिट, म्हणजे धुण्याचे यंत्र, इस्त्री, पाण्याची मोटर वगैरे, दुपारी नेले तर आकडा १,१३४ वर येतो. एकूण बचत ६६ रुपये. वेळेचा हा फरक फक्त ऊर्जा आकाराला लागू असल्याने स्थिर आकार जसाच्या तसा राहतो. घरात बचत झाली, पण महिन्याच्या दुधाचा हिशेबही तिने हलणार नाही.

टक्केवारी बदलली की उत्तरही बदलते. केरळात महिन्याला २५० युनिटांहून अधिक वापरणाऱ्या घरांना सकाळी ६ ते सायंकाळी ६ या वेळेत १० टक्के सवलत आणि सायंकाळी ६ ते रात्री १० पर्यंत २५ टक्के अधिभार आहे. रात्री नेहमीचा दर. येथे तोटा टाळायचा तर दिवसाचा वापर संध्याकाळच्या अडीचपट हवा. दोघेही नोकरीला जाणाऱ्या घराला हे सहज जमत नाही. दिवसभर माणसांचा वावर असलेल्या घराला जमते. केंद्राच्या किमान टक्केवारीत हेच गणित उलट ग्राहकाच्या बाजूला झुकते : संध्याकाळचा वापर सौर तासांतल्या वापराच्या दुपटीहून कमी असला, की फायदा. एकाच नावाच्या दोन योजना, आणि एकीत शिक्षा तर दुसरीत बक्षीस. महाराष्ट्रात जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेत युनिटमागे ८० पैसे सवलत सुरू झाली. मात्र आंघोळीचे पाणी नऊच्या आत तापून झालेले असते.

शिवाय भारतीय बिलात टप्प्यांचा दर असतो, आणि तो घड्याळापेक्षा बलवान आहे. केरळात २५० युनिटांची रेषा ओलांडली की सर्वच युनिटांना वरचा दर लागतो. म्हणजे २६० युनिट वापरणाऱ्या घराने वेळा सांभाळण्यापेक्षा अकरा युनिट कमी जाळणे केव्हाही अधिक लाभाचे. एलईडी दिव्यांची कहाणी हेच सांगते. जानेवारी २०१५ पासून उजाला योजनेत ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. त्यांनी संध्याकाळची मागणी नेमक्या महाग तासांत घटवली, आणि त्यासाठी कोणालाही घड्याळ पाहावे लागले नाही.

घरांची संध्याकाळ ग्रिडला किती जड असते, याचे एक अनपेक्षित मोजमाप ५ एप्रिल २०२० रोजी मिळाले. टाळेबंदीत रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे देशाने दिवे मालवले आणि मागणी सुमारे ३१ हजार मेगावॅटने घसरली. पंखे, फ्रीज चालूच होते. गेले ते बहुतांशी दिवेच. पण दिवे दुपारी लावून भागत नाही. संध्याकाळच्या भारातला मोठा वाटा असाच न हलणारा आहे : दिवा, पंखा, पोळ्या करताना चालू असलेला मिक्सर, अभ्यासाला बसलेले मूल. हलवता येण्यासारखी कामे धुण्याची आणि पाण्याची, आणि ती दुपारी करण्यासाठी बहुतेक घरांत जी व्यक्ती घरी असते तिच्या श्रमाची नोंद कोणत्याही मीटरवर होत नाही. ६६ रुपये कोणाच्या विश्रांतीतून आले, हेही हिशेबात धरायला हवे.

खरा फायदा ज्यांना मिळू शकतो ती घरे वेगळी आहेत. दुपारी दारात उभी राहून चार्ज होऊ शकणारी विजेवरची स्कूटर असलेली, सोसायटीची मोटर दुपारी लावू शकणारी, किंवा दुपारी घर गार करून ठेवण्याइतका मोठा एसी असलेली. म्हणजे मुळातच थोडी सुस्थितीतली. यात अन्याय आहेच असे नाही. स्वस्त दुपारमुळे कोळशावरची नवी केंद्रे टळली तर सर्वांचाच दर पुढे कमी वाढेल. पण तो लाभ सामूहिक आहे आणि हळूहळू येणारा आहे. ‘तुमचे बिल कमी होईल’ असे प्रत्येक घराला सांगणे ही वेगळी गोष्ट झाली.

१ एप्रिल २०२५ ची मुदत उलटली तेव्हा देशातील बहुसंख्य घरांत जुनेच मीटर होते. स्मार्ट मीटर बसलेल्या घरांना मात्र पडताळा घेण्यासाठी नियामकाच्या आश्वासनावर विसंबण्याची गरज नाही. सौर तासांतले युनिट आणि गर्दीच्या तासांतले युनिट हे दोन आकडे मिळवावेत, आपल्या राज्याची सवलत आणि अधिभार यांनी त्यांना गुणावे, आणि वजाबाकी करावी. एप्रिल-मेची एक आणि डिसेंबरची एक, अशा किमान दोन बिलांवर; कारण उन्हाळ्यातले घर आणि थंडीतले घर एकाच मीटरवर चालत असले तरी त्यांचे घड्याळ वेगळे असते.