इंचाच्या हजाराव्या भागाचा इतिहास



इतिहास म्हटला की लढाया, तह आणि राज्याभिषेक आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. आज मी सांगणार आहे तो इतिहास एका फटीचा आहे. ती फट डोळ्यांना दिसत नाही. परंतु ती वाढली तरी काम बिघडते आणि पुरती बुजवली तरीही बिघडते.

कातारी लाकडाचे लाटणे काततो ते आपण पाहिले असेल. तेच काम लेथ लोखंडावर करतो. लेथच्या हेडस्टॉकमध्ये एक जाड पोलादी आस फिरत असतो. त्यास स्पिंडल म्हणतात. हा आस पुढे व मागे अशा दोन बेअरिंगांत बसवलेला असतो. वर्षानुवर्षांच्या कामाने बेअरिंगे झिजली की आस हत्याराच्या दाबाखाली डुगडुगू लागतो. मग कातलेल्या पृष्ठभागावर बारीक लाटा उमटतात आणि गोल म्हणून काढलेला दांडा मोजून पाहावा तो गोल नसतो. हा दोष त्या लेथपुरता राहत नाही. तोच दांडा उद्या एखाद्या पंपात बसतो आणि आपल्या जन्मदात्याची खोड बरोबर घेऊन जातो.

यंत्राच्या या आनुवंशिकतेची जाणीव ज्यांना फार लवकर झाली त्यांत हेन्री मॉडस्ले हा इंग्रज कारागीर होता. त्याचा जन्म १७७१ सालचा, वुलिचचा. जोसेफ ब्रामा या कुलपे करणाऱ्याकडे तो नोकरीस होता. पगारवाढ नाकारली गेली तेव्हा १७९७ साली त्याने स्वतःचा कारखाना काढला. १८०० च्या सुमारास त्याने आटे पाडणारा जो सर्वांगी धातूचा लेथ तयार केला, तो पुढच्या यंत्रकारांना आदर्श ठरला. मापे तपासण्यासाठी त्याने एक सूक्ष्ममापक बनवला होता. त्याला कारखान्यात ‘लॉर्ड चॅन्सेलर’ म्हणत. कारण मापाच्या वादात त्याच्या निकालावर अपील नसे! व्हिटवर्थ आणि नॅस्मिथ हे नामवंत यंत्रकार याच कारखान्यात तयार झाले.

माप सूक्ष्म झाले. परंतु बेअरिंगात फट ठेवायची ती का, हा प्रश्न शिल्लकच होता. अनुभवी मिस्त्री थोडी जागा सोडत. विचारले तर म्हणत, ‘तेलाला जागा हवी.’ उत्तर बरोबर होते, पण अर्धेच होते. उरलेले अर्धे १८८३ साली सापडले, आणि तेही जवळजवळ अपघाताने. बोशँप टॉवर हा इंजिनिअर लंडनच्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेसाठी बेअरिंगांच्या घर्षणावर प्रयोग करीत होता. तेल सोडण्यासाठी त्याने बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडले होते. यंत्र सुरू होताच तेल आत जाण्याऐवजी भोकातून वर येऊ लागले. त्याने बूच ठोकले, तर ते बाहेर फेकले गेले. शेवटी तेथे दाबमापक बसवला. बेअरिंगवरचा सरासरी भार दर चौरस इंचास १०० पौंड असताना काटा २०० च्याही पुढे गेला!

याचा उलगडा ऑसबर्न रेनल्ड्स या मँचेस्टरच्या प्राध्यापकाने १८८६ साली गणिताने केला. फिरणारा आस तेलाला आपल्याबरोबर ओढतो आणि निमुळत होत जाणाऱ्या फटीत ते कोंबतो. तेथे दाब निर्माण होतो आणि आस धातूवरून उचलला जाऊन तेलाच्या पापुद्र्यावर तरंगतो. फट मुळीच नसेल, तर तेल शिरणार कोठून?

आता जुन्या साध्या बेअरिंगाच्या लेथपाशी जाणता मिस्त्री काय करतो ते पाहा. तो आधी वीज बंद करतो, पट्टा उतरवतो. स्पिंडलवर डायल लावून लाकडी दांड्याने आस हलकेच उचलतो आणि ढिलाई किती ते वाचतो. मध्यम आकाराच्या लेथवर ती इंचाच्या एकदोन हजारांश भागांत असली तर तो हात आखडतो. त्या यंत्राच्या कर्त्याने दिलेला आकडा असेल तर तोच प्रमाण मानतो. ढिलाई जास्त असेल तर टोपीखालच्या पातळ पत्र्या दोन्ही बाजूंनी सारख्या कमी करतो, टोपी आवळतो आणि आस हाताने फिरवून पाहतो. मग तेल घालून यंत्र चालवतो आणि हेडस्टॉकवर तळहात ठेवतो. हात टेकवेना इतके ते तापले तर थांबून पुन्हा ढील देतो. बेअरिंग लांबट झिजले असेल तर पत्र्या काढून ते गोल होत नाही. तेथे स्क्रेपर घेऊन बसावेच लागते.

रोलर बेअरिंगांचा हिशेब निराळा. टिमकेन यांनी १८९८ साली निमुळत्या रोलरांचे पेटंट घेतले. लेथच्या स्पिंडलला तसली बेअरिंगे फटीऐवजी बेताचा दाब देऊन बसवतात. तेथेही ‘बेताचा’ हाच शब्द महत्त्वाचा.

आपल्याकडे या विद्येचा संसार लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली वसवलेल्या किर्लोस्करवाडीसारख्या ठिकाणी थाटला गेला. १९४१ साली तुंगभद्रेकाठी हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर कारखाना निघाला आणि तेथून देशी लेथ बाहेर पडू लागले. जुन्या लेथांचे स्पिंडल ढिले झाले म्हणून ते आज भंगाराच्या वजनावर विकले जाताना मी पाहिले आहेत. घाईने पुरते आवळून एका दुपारीत बेअरिंग जाळलेलेही पाहिले आहेत. दोन्हीकडे यंत्र गेले, आणि लोखंड काही थकले नव्हते. किती सोडावे हे सांगणारा माणूस तेवढा तेथे उरला नव्हता.

मॉडस्लेचे माप आणि रेनल्ड्सचे गणित आज पुस्तकांत सुरक्षित आहे. हेडस्टॉकवर ठेवलेल्या तळहाताचे ज्ञान मात्र पुस्तकात मावत नाही. ते शेजारी उभे राहूनच शिकावे लागते. आपल्या गावात असा एखादा वृद्ध मिस्त्री अजून असेल, तर त्याच्या शेजारी एक मुलगा उभा करा, एवढीच माझी विनंती आहे.