मशेरी आणि दंतमंजन

दंतधावन हा विषय वरवर क्षुल्लक भासतो. परंतु समाजाच्या सवयींचा इतिहास अशाच क्षुल्लक गोष्टींत दडलेला असतो. इ. स. १६८३ मध्ये हॉलंडच्या लेव्हेनहूकने आपल्या दातांवरील पांढरा साका सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यात त्यास असंख्य जीव हलताना दिसले. हा चिकट थर रोज घासून काढणे, हेच मंजनाचे मुख्य कार्य होय. आजच्या पेस्टमधील खडूची पूड तेच करते. फ्लोराइड दातांचे कवच बळकट करते.

नाशिकपासून कोकणापर्यंत हे काम बाभूळ, कडुनिंब, मीठ व कोळसा यांजवर सोपविलेले असे. त्यांच्याच पंक्तीस तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मशेरी येऊन बसली. तिने ठणका थांबल्यासारखा वाटे. शिवाय ज्या स्त्रियांना विडी लोकलज्जेस्तव वर्ज्य, त्यांना हे व्यसन स्वच्छतेच्या नावाखाली उजळ माथ्याने करता येई.

१९९२ साली भारत सरकारने दंतमंजनात तंबाखू घालण्यास बंदी केली व १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. परंतु घरच्या तव्यावर कायद्याची सत्ता चालत नाही. ठणका थांबला म्हणजे रोग गेला असे नव्हे, हे आजीला व आईला घरातील शिकलेल्या मुलामुलींनीच समजावून सांगितले पाहिजे.