बाजरीच्या संकरित वाणांसाठी जनकांची निवड

दोन भिन्न वंशांच्या संयोगातून संततीत जनकांपेक्षा अधिक जोम येतो. मात्र जनकांमधील जनुकीय विविधता केवळ एकाच बाजूने राखली तर काय होते, याचा धडा भारतीय बाजरीने दिला आहे.

बाजरीचे फूल अत्यंत लहान असते. त्यातील परागकोश हाताने काढून व्यापारी प्रमाणावर संकर करणे शक्य नाही. त्यासाठी पराग न देणारी नर-वंध्य मादी ओळ लागते. अमेरिकेतील टिफ्टन येथे ग्लेन बर्टन यांनी विकसित केलेल्या ‘टिफ्ट २३ए’ या ओळीच्या आधारे लुधियाना येथे दिलबाग सिंग अठवाल यांनी ‘एचबी १’ हा देशातील पहिला संकरित बाजरी वाण तयार केला. तो १९६५ मध्ये प्रसारित झाला. त्यानंतरच्या संकरांत नर बदलले, मादी मात्र बहुधा तीच राहिली. ती गोसावी अर्थात केवडा रोगाला बळी पडणारी होती. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी या रोगाच्या साथीत कणसांच्या जागी हिरव्या पानांचे झुपके आले आणि उत्पादन कोसळले.

त्यामुळे मादी ओळी आणि प्रजननक्षमता पुनःस्थापित करणाऱ्या नर ओळी यांचे संच वेगवेगळे ठेवून प्रत्येक संचातही विविधता जपण्यावर पैदासकार भर देतात. पश्चिम आफ्रिकेतील टपोऱ्या दाण्याचा, लवकर पिकणारा ‘इनियाडी’ वाण याच कारणाने मोलाचा ठरला. अर्थात, त्याचाही अतिवापर झाल्यास जुनीच चूक नव्या नावाने घडेल.

ओळींमधील अंतर आता डीएनए खुणांच्या साहाय्याने मोजता येते. शंभर माद्या आणि शंभर नर यांचे दहा हजार संकर होतात. ते सर्व शेतात तपासणे अशक्य असल्याने ही मोजणी उपयुक्त ठरते. तथापि सर्वाधिक अंतर म्हणजे सर्वाधिक उत्पन्न, असे समीकरण नाही. अंतिम निर्णय शेतातील चाचणीनेच होतो.

हरियाणातील हिसार कृषी विद्यापीठाचा ‘एचएचबी ६७’ हा वाण सुमारे ६५ दिवसांत पिकतो. तोही केवड्याला बळी पडू लागला, तेव्हा त्याच्या दोन्ही जनकांत रोगप्रतिकारक्षमता आणण्यात आली. नर ओळीसाठी डीएनए खुणांचा वापर झाला. हा सुधारित वाण २००५ मध्ये प्रसारित करण्यात आला.