माहीम, २००९ : प्लेटमधली खाच

२००९ चा पावसाळा सरत आलाय. तुम्ही मुंबईत, माहीमच्या हिंदुजा रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात उभे आहात. मध्य प्रदेशातल्या बागली-देवासकडचा अवघड रुग्ण आधी इंदूरला जातो, तिथेही निभावलं नाही तर मुंबई गाठतो. त्याच्या आतड्यातले जंतूही त्याच्याबरोबरच प्रवास करतात.

तुमच्या हातात अगारची एक प्लेट आहे. काल तिच्यावर औषधाला बळी पडणाऱ्या साध्या ई. कोलाय जंतूंचा पातळ थर सारवला होता. मधोमध मेरोपेनेमची डिस्क ठेवली आणि तिच्यापासून कडेपर्यंत अशाच एका रुग्णाच्या जंतूची एक सरळ रेघ ओढली. रात्रभर प्लेट इनक्युबेटरमध्ये होती. आता ती उजेडाकडे तिरपी धरा. डिस्कभोवती स्वच्छ वर्तुळ पडलंय, म्हणजे साधे जंतू मेलेत. पण रेघ जिथे हे वर्तुळ ओलांडते तिथे बघा. मरायला हवे होते तेच जंतू रेघेच्या दोन्ही अंगांनी डिस्ककडे सरकलेत आणि गोल वर्तुळाला खाच पडलीय. रेघेतला जंतू औषध फोडणारं एन्झाइम बाहेर टाकतोय, त्याच्या आडोशाने शेजारीही जगतायत. ही हॉज चाचणी. उपचार करणाऱ्याला ही खाच बघून धडकी भरते, कारण मेरोपेनेम हे बाकी औषधं हरल्यावर काढायचं औषध.

शेजारच्या प्लेटवर ईडीटीए वापरलंय. ते जस्त धरून ठेवतं. जस्ताविना हे एन्झाइम लुळं पडतं आणि वर्तुळ पुन्हा मोठं होतं. पीसीआर मग जनुकाचं नाव सांगतं : एनडीएम-१, म्हणजे न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज.

या नावामागे एक स्वीडनवासी भारतीय वंशाचा रुग्ण आहे. नवी दिल्लीत उपचार घेऊन तो स्वीडनला परतला आणि २००८ मध्ये त्याच्या लघवीतल्या क्लेब्सिएला जंतूत हे जनुक सापडलं. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं : त्याच्या विष्ठेतल्या ई. कोलायमध्येही तेच जनुक होतं. जनुक प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्यावर, बसलेलं असतं आणि प्लाझ्मिड एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीच्या जंतूकडे जातो. आतड्यात ही देवघेव बिनबोभाट चालते, ताप नाही की कळ नाही.

आता मार्च २०१० मध्ये या. असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडियाच्या नियतकालिकात हिंदुजाच्या पायल देशपांडे, कॅमिला रॉड्रिग्ज आणि सहकाऱ्यांचा लेख छापून आलाय. तीन महिन्यांत कार्बापेनेमला, म्हणजे मेरोपेनेमच्या गटातल्या औषधांना, न जुमानणारे २४ जंतू मिळाले, त्यांतल्या २२ जंतूंत एनडीएम-१. त्याच अंकात अब्दुल गफूर यांनी प्रतिजैविकांचा मृत्युलेखच लिहिलाय. पण गदारोळ उठतो तो ऑगस्टमध्ये, ‘लॅन्सेट’मध्ये एनडीएम-१वरचा लेख आल्यावर, आणि तोही मुख्यतः नावावरून. राजधानीची बदनामी झाली म्हणून आपण भांडत बसलो. मुंबईच्या डॉक्टरांनी पाच महिने आधी आकडे समोर ठेवले होते, ते वाचायला हवे होते. याचं मला आजही वाईट वाटतं.

शेवटचा टप्पा माळव्याचा. २०१७. बागलीपासून फार लांब नसलेल्या उज्जैनच्या आर. डी. गार्डी वैद्यकीय महाविद्यालयातले आणि स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतले संशोधक उज्जैन जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या मुलांमधल्या, जनावरांमधल्या आणि पाण्यातल्या जंतूंचा अभ्यास प्रसिद्ध करतात. हे आतड्यात निमूट राहणारे, काही त्रास न देणारे जंतू. त्यांच्यातही औषधांना दाद न देणारे सापडतात. हिंदुजातली प्लेट आजाऱ्याची होती. इथे पोर अंगणात खेळतंय, म्हैस दूध देतेय, आणि कुणी मुद्दाम तपासल्याशिवाय यातलं काही कळायला मार्ग नाही. म्हणून तालुक्याच्या दवाखान्यातही कल्चर लावायची सोय हवी. अगार, डिस्क, इनक्युबेटर आणि सकाळी येऊन पट्टीने डिस्कभोवतीचं वर्तुळ मोजणारा शिकलेला माणूस, एवढ्यावर ती सुरू करता येते.