वीरधवलच्या पुढचं पान

पहिली मराठी कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' 1857 सालची. विषय विधवांच्या हालअपेष्टांचा, म्हणजे अगदी रोजच्या जगण्यातला. मग वाचकांनी पुढेही असंच काही मागितलं असेल असं वाटतं ना? छे! चारच वर्षांनी, 1861 मध्ये हळबेशास्त्र्यांची 'मुक्तामाला' आली, काही वर्षांत रिसबुडांची 'मंजुघोषा' आली, आणि मराठी वाचक राजपुत्र, राजकन्या, कारस्थानं, योगायोग यांत जो रमला तो बराच काळ बाहेर यायलाच तयार नव्हता.

हे आठवायचं कारण म्हणजे आमच्या बडनेऱ्याच्या घरात सध्या रंगलेला वाद. भाचा बारा वर्षांचा आहे. हॅरी पॉटरचे सातही भाग झाले, आता तिसऱ्यांदा पहिल्यापासून सुरू आहेत. "पोट्टं दुसरं काहीच वाचत नाही बाप्पा!" ही ताईची तक्रार. नातेवाइकांचे सल्ले दोन. एक, पुस्तकं कुलपात टाका. दोन, काहीतरी 'चांगलं' हातात द्या आणि संपेपर्यंत उठू देऊ नका.

इतिहास पाहिला तर हे दोन्ही उपाय कामाचे नाहीत. मराठी वाचकाला अद्भुतातून बाहेर काढलं ते हरिभाऊ आपट्यांनी, आणि तेही न रागावता. 1890 मध्ये त्यांनी 'करमणूक' काढलं. नावातच काय ते आलं! 'पण लक्षात कोण घेतो' त्यात क्रमशः येऊ लागली. 'पुढं काय झालं?' ही वाचकाची जुनी भूक त्यांनी तशीच ठेवली, फक्त राजकन्येच्या जागी यमू आणली. तिच्या हालांची गोष्ट लोक त्याच ओढीनं वाचू लागले.

बरं, म्हणून अद्भुत काही संपलं नाही. 1913 मध्ये नाथमाधवांची 'वीरधवल' आली आणि पुढच्या कित्येक पिढ्यांनी ती रात्र रात्र जागून वाचली. हे नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ पितळे. तरुणपणी सिंहगडावर शिकारीला गेले असता कड्यावरून पडले, कमरेखालून अधू झाले आणि मग वाचन-लेखनाकडे वळले. गंमत अशी की त्यांनीच पुढे शिवकालावर कादंबऱ्या लिहिल्या आणि 'डॉक्टर'सारखी सामाजिक कादंबरीही. म्हणजे 'वीरधवल'चा वेडा वाचक नुसता लेखकाचं बोट धरून चालला तरी इतिहासात आणि समाजात पोचत होता. (रोलिंगबाईंच्या बाबतीत ही वाट जरा जपून! रॉबर्ट गॅल्ब्रेथ या नावानं त्यांनी लिहिलेल्या रहस्यकथा मोठ्यांसाठी आहेत.)

मुलांसाठी असा पूल बांधला भा. रा. भागवतांनी (1910-2001). त्यांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला. त्यात अद्भुत आहेच, पण जादूची जागा विज्ञानानं घेतलेली. आणि मग त्यांचा स्वतःचा फास्टर फेणे! फुरसुंगीचा हा किडकिडीत पोरगा पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, मित्रांसोबत संकटात उडी घेतो. शाळा तीच, दोस्ती तीच, फक्त उडत्या झाडूऐवजी सायकल.

म्हणून मी भाच्याला एवढंच विचारलं, "तुला यात सगळ्यात जास्त काय आवडतं रे?" शाळा म्हणाला असता तर फेणे तयार होता. जुना किल्ला म्हणाला असता तर परतवाड्यात जन्मलेले गो. नी. दांडेकर होते, आणि 1803 मध्ये इंग्रजांनी घेतलेला गाविलगडही आपल्याच जिल्ह्यात. तो म्हणाला, "हॅग्रिडचे प्राणी." मग मारुती चितमपल्लींचं 'रानवाटा' दिलं. मेळघाटच्या रानात नोकरी केलेला माणूस! दोन प्रकरणं झाली आणि स्वारी पुन्हा हॅरीच्या चौथ्या भागाकडे. ताई हिरमुसली. मला मात्र त्यात काही वावगं वाटत नाही. पुलावरून जा-ये दोन्ही बाजूंनी व्हायचीच.

खरी काळजी वेगळी आहे. आमच्या पिढीत 'चांदोबा' होता. मराठीत तो 1952 मध्ये आला, आता बंद पडला. माझ्या ओळखीची कितीतरी मंडळी विक्रम-वेताळावर जीव टाकायची. त्यातल्या काहींच्या हाती कुणीतरी पुढचं पुस्तक ठेवलं, ती आजही वाचतात. बाकीच्यांचं चांदोबाचं वय सरलं आणि त्याबरोबर वाचनही सरलं. हॅरीचंही तसंच होणार. पंधराव्या-सोळाव्या वर्षी तो आपोआप सुटेल, त्यासाठी कुलूप नको. तो सुटेल त्या दिवशी हाताच्या अंतरावर, आपल्या भाषेतलं, दुसरं काहीतरी अर्धवट वाचलेलं पडलेलं असावं, एवढं मात्र मोठ्यांनी बघायला हवं.