गाडीच्या काचेवरचे जुने स्टिकर काढताना काच कशी जपावी?

एमएच-३३ किंवा एमएच-३४ पासिंगची जुनी गाडी घेतली की काचेवर आधीच्या मालकाच्या खुणा असतातच. खाणीच्या गेटचा पास, पार्किंगचा बिल्ला, कधी पक्षाचे चिन्ह. नखाने ओढले की कागद फाटतो आणि गोंदाचा चिकट थर मागे राहतो. दिवसा तो जाणवत नाही. पण रात्री चंद्रपूर-मूल रस्त्यावर किंवा आलापल्लीच्या पुढे जंगलातून जाताना समोरून दिवे आले की त्या डागावर प्रकाश पसरतो आणि रस्ता ओलांडणारे चितळ उशिरा दिसते.

स्टिकर इतका घट्ट बसतो तो मुख्यतः उन्हामुळे. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा अनेकदा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि बंद गाडीची काच त्याहूनही तापते. वर्षानुवर्षे असे तापून स्टिकरचा वरचा थर ठिसूळ होतो, गोंद कडक होतो.

सगळेच स्टिकर काढायचे नसतात. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना समोरच्या काचेवर आतून नोंदणीचा होलोग्राम स्टिकर असतो. पेट्रोल किंवा सीएनजीसाठी तो फिकट निळा, डिझेलसाठी नारिंगी. जुन्या गाडीला नंतर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली असेल तर तिच्यासोबतही तो येतो. हा नंबर प्लेटचाच भाग आहे आणि काढताना तो फाटतो, म्हणून त्याला हात लावू नका. फास्टॅगही एकदा सोलला की पुन्हा वापरता येत नाही. आधीच्या मालकाचा फास्टॅग असेल तर तो त्यांच्या बँकेकडून बंद करवून घ्या, मगच काढा.

आता काम. आधी काच भरपूर पाण्याने धुवा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि ओरखडे तिथेच पडतात. चंद्रपूरकडे कोळशाची, एटापल्लीकडे लोहखनिजाच्या ट्रकांची लाल धूळ असते. रस्त्याच्या धुळीत वाळूचे बारीक कणही असतात आणि ते काचेपेक्षा कठीण असतात. मात्र दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. काचेला आधीच बारीक तडा असेल तर तो वाढू शकतो. सकाळी, सावलीत काम करा.

कागदी स्टिकरवर साबणाच्या पाण्यात भिजवलेले फडके अर्धा तास ठेवा. आतल्या बाजूचे काम असेल तर डॅशबोर्डवर टॉवेल पसरा. प्लास्टिकचा स्टिकर पाण्याने भिजत नाही. त्याला हेअर ड्रायरने कोमट करा, एक कोपरा उचला आणि काचेला जवळजवळ समांतर धरून सावकाश सोला. झटका दिला की तुकडे पडतात.

उरलेल्या गोंदावर खोबरेल तेल चोळून १०-१५ मिनिटे थांबा आणि जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने सरकवा. तरीही न निघाल्यास कापसावर थोडे नेलपॉलिश रिमूव्हर घ्या, पण ते रंग, रबर आणि डॅशबोर्डपासून लांब ठेवा. पेट्रोल-रॉकेल तर नकोच. उन्हाळ्यात बंद गाडीत त्याची वाफ पेट घेऊ शकते.

ब्लेड हा शेवटचा उपाय. ते नवे हवे, काच साबणाच्या पाण्याने ओली हवी, ब्लेड तिरके धरून एकाच दिशेने चालवायचे. मागच्या काचेवर आतून बारीक आडव्या रेघा असतील तर तिथे ब्लेड अजिबात नको. त्या काच गरम करणाऱ्या तारा आहेत. एक रेघ तुटली की तेवढ्या पट्ट्यातले धुके निघत नाही, आणि डिसेंबरच्या सकाळी जंगलपट्ट्यात त्याची गरज पडते. फिल्म लावलेल्या काचेवर ब्लेड आणि रिमूव्हर दोन्ही टाळा.

शेवटी तेलाचा अंश साबणाने धुवा आणि अंधार पडल्यावर बाहेरून तिरका टॉर्च मारा. दिवसा न दिसणारा गोंद तेव्हा दिसतो.