टीबीची रक्ततपासणी: पंधरा लाखांचा बाजार आणि एक बंदी

आज आपण एका तपासणीचा इतिहास पाहणार आहोत. लाखो भारतीयांनी ती पदरचे पैसे मोजून करून घेतली, आणि शेवटी सरकारला ती बंद करावी लागली. क्षयरोगाच्या निदानासाठी रक्तातली प्रतिपिंडे मोजणारी ही तपासणी. घरातल्या जुन्या फाइलमध्ये 'टीबी आयजीजी, आयजीएम' असा रिपोर्ट सापडला, तर तो हाच.

आधी थोडे मागे जाऊ. 24 मार्च 1882 रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. पुढे शतकभर निदानाचा मुख्य आधार थुंकीची तपासणीच राहिला. काचपट्टीवर बेडका पसरायचा, त्याला रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली जंतू शोधायचा. सरकारी दवाखान्यात हे फुकट होई. पण एक मिलिलिटर बेडक्यात साधारण 5,000 ते 10,000 जंतू असल्याशिवाय ते दिसत नाहीत. त्यामुळे अनेक रुग्ण सुटून जात.

ही उणीव बाजाराने हेरली. रक्त काढणे सोपे, रिपोर्ट लवकर मिळतो आणि लॅबला पैसेही बरे सुटतात. त्यातच डॉक्टरांना कमिशन देण्याची प्रथा होती. 2011च्या सुमारास भारतात दरवर्षी अशा सुमारे 15 लाख तपासण्या होत असल्याचा अभ्यासकांचा अंदाज होता. सरकारी क्षय कार्यक्रमाने मात्र ही तपासणी स्वीकारली नव्हती.

मग अडचण काय होती? आपल्याकडे असंख्य लोकांच्या शरीरात क्षयाचा जंतू सुप्त असतो. ते आजारी नसतात, तरी त्यांच्या रक्तात प्रतिपिंडे सापडू शकतात. उलट, खऱ्या रुग्णाच्या रक्तात ती सापडतीलच असे नाही. म्हणजे निरोगी माणूस महिनोन्‌महिने औषधे घेई, आणि खरा रुग्ण खोकत घरी जाई.

जुलै 2011मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही तपासणी वापरू नका, असे स्पष्ट सांगितले. क्षयाच्या बाबतीत तिने असा नकारात्मक सल्ला देण्याची ही पहिलीच वेळ. यातले बहुतेक किट युरोप-अमेरिकेत बनत, पण कोणत्याही मान्यताप्राप्त नियामकाची त्यांना मंजुरी नव्हती. जून 2012मध्ये भारताने त्यांची आयात, निर्मिती, विक्री आणि वापर यांवर बंदी घातली.

बंदीने एक दार बंद झाले, पण रुग्णाला निदान तर हवेच होते. त्यासाठी जंतूचा डीएनए शोधणाऱ्या तपासण्या परवडणाऱ्या दरात याव्या लागल्या: आधी जीनएक्सपर्ट, नंतर गोव्यातल्या मोलबायोची ट्रूनॅट. 2020मध्ये ट्रूनॅटलाही जागतिक आरोग्य संघटनेने मान्यता दिली.

या बाजारात पैसे रुग्ण देतो, तपासणी डॉक्टर निवडतो आणि नफा लॅब व किट कंपनी घेते. तपासणी खरी की खोटी, हे पैसे देणाऱ्याला कळायचा मार्गच नसतो. म्हणून इथे नियामक जागा असावा लागतो. तो उशिरा जागा झाला, आणि त्या उशिराची किंमत रुग्णांनी मोजली.